कनेक्टिकटची बटणे

कॅम्डेन, साउथ कॅरोलायना
नोव्हेंबर १८३२

तीर्थस्वरूप अमासादादांच्या चरणी धाकट्या सायलसचा नमस्कार. तुमचा संधिवात, वहिनींचा खोकला आणि कनेक्टिकटची थंडी ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. आम्ही धडधाकट आहोत. तुमची भावजय ड्रुसिला तुम्हा सर्वांची आठवण काढते (हल्ली दार लावून काढते, कारण उत्तरेतल्या माणसांची आठवण काढणे इथे चांगले दिसत नाही).

परदेशी मालावरची जकात आम्हाला मान्य नाही, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचलेच असेल. उत्तरेतल्या गिरण्या पोसायला आम्ही का मरायचे, असे इथे सगळे म्हणतात, आणि इतकी वर्षे इथले मीठ खाल्ल्यावर मीही 'आम्ही' म्हणायला शिकलो आहे. जकात वसूल करायला वॉशिंग्टनच्या सरकारने सैन्य धाडले तर लढायचे, असे गावात ठरले. माझे मेहुणे कॅप्टन लेगेट यांनी पलटण उभारली आणि घरचाच शिंपी म्हणून गणवेशाचे काम माझ्या गळ्यात घातले. अट एकच, उत्तरेतला धागासुद्धा चालणार नाही. कापड हातमागाचे आहे आणि ते घालून कोणी दोन मिनिटे न खाजवता उभा राहत नाही. (हे कापड 'आमच्या घरच्या बायकांनी' विणले, असे कॅप्टन भाषणात सांगतात. विणले त्यांच्या गुलाम बायकांनी. स्वातंत्र्याबद्दल त्यांना काय वाटते हे कोणी विचारलेले नाही. ते भाषण ऐकताना मला मान खाली घालावी लागते.)

कापडाचे निभावले, पण बटणांवर गाडी अडली. गावातले एकूण एक बटण तुमच्याच मुलखातले निघाले. कॅप्टननी ती सगळी उपटून काढायला लावली आणि त्यांच्या जागी देवदाराच्या खुंट्या लावायचा हुकूम सोडला. विजार खांद्यांवरून तोलून धरणारे पट्टे लाकडावर टिकायचे नाहीत, असे मी बजावले होते. पण शिंप्याचे कोण ऐकतो! कवायतीला सगळा गाव लोटला होता. कॅप्टननी तलवार उपसून छाती फुगवली आणि त्यांच्या पाठीची खुंटी आधी मोडली. मग एकेकाची मोडत गेली. पलटण एका हाताने बंदूक आणि दुसऱ्या हाताने विजार सावरत उभी राहिली. सलामीचा हुकूम सुटल्यावर तर दोन्ही हात लागतात. पुढचे लिहीत नाही, वहिनी पत्र वाचतात.

"हे तू मुद्दाम केलंस! शेवटी जातीचा उत्तरेकडचाच!" कॅप्टन सगळ्यांसमोर गरजले. "पुढच्या कवायतीला विजारी जाग्यावर राहिल्या पाहिजेत. नाहीतर बायकोपोरं घे आणि भावाकडे चालू लाग!"

ड्रुसिलाचा जन्म या गावातला, आईवडिलांची थडगी इथेच. ती ट्रंक काढून झटकत बसली. तेव्हा मात्र माझे धाबे दणाणले. युद्ध झालेच तर समोर तुमचा मुलगा एबेन उभा असेल, हा विचार मी कापड बेतताना करत नाही. कात्री वाकडी जाते.

बाकी सर्व क्षेम. थोरांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
सायलस

ता. क. तुमच्या कारखान्यातून सबंध पलटणीला पुरतील एवढी पितळी बटणे तातडीने पाठवा. त्यांच्यावर आमच्या राज्याचे चिन्ह, ताडाचे झाड, उठवा. पिपात बटणे खाली आणि कांदे वर भरा, कांद्यांवर अजून बंदी आलेली नाही. कॅप्टन काल परसदाराने येऊन गेले. म्हणाले, "चांगली दणकट आण. कुठून आणतोस ते मला सांगू नकोस."

दुसरा ता. क. बटणांच्या पाठीवर तुम्ही आपले नाव ठोकता, ते या खेपेला नको. एखादे तुटून पडले तर तुम्ही तिकडे अडकाल आणि मी इकडे.

तिसरा ता. क. माझ्या कोटाच्या बटणांवर मात्र नाव राहू द्या. ती बाजू छातीकडे असते, कोणाला दिसत नाही.