बक्षिसाची खुर्ची

तीर्थरूप मामा आणि मामींना साष्टांग नमस्कार.

गेल्या मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता आमच्या बाइंडिंगखान्यात चाकांची खुर्ची आली आणि तुमच्या भाच्याचं आयुष्य बदललं. (मामींचा गुडघा कसा आहे? मलम लावतात, की नुसतंच शेजारणीला दाखवतात?) तुम्ही मला इथे चिकटवलंत तेव्हा आई म्हणाली होती, पंधरा दिवसांत पळून येईल. तिला कळवा, सात महिने झाले आणि मी 'सर्वोत्कृष्ट कर्मचारी' आहे. कॉलेजात सरांनी "उभा राहा" म्हटलं आणि मी उभा राहिलो तो थेट फाटकाबाहेर गेलो, हे तुम्ही अजून चारचौघांत ऐकवता. त्याच मुलाला आता बसायला खुर्ची मिळाली आहे, तीही पाठीवर पितळी पाटी असलेली. हे पत्र तिच्यातच बसून लिहितोय.

झालं असं, की नवे मॅनेजर आले. त्यांनी बक्षिसं कशी द्यावीत याचा कुठलासा कोर्स केलाय. त्यांनी भिंतीवर तक्ता लावला : तीन महिन्यांत ज्याचे कागद सर्वांत कमी वाया जातील, तो पहिला. मी पहिला आलो, मामा! माझे फक्त चार. (कटिंग मशिनवरचे दादा, एकोणतीस वर्षं उभ्याने काम केलेला माणूस, ज्यांच्या शब्दाबाहेर खोलीतलं कुणी नाही, त्यांचे चौतीस. वय झालं, मी मनात म्हटलं.)

मी बसलो. नुसता बसलो नाही, गर्रकन एक फेरीही मारली, कारण काचेपलीकडे पॅकिंगमध्ये ती होती. (कोण ती, ते पुढे येईल.) तिने पाठ फिरवली. खळ करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अजून जोरात फिर रे बाळा, पंखा बंद पडलाय." त्यानंतर दोन दिवस माझ्याशी कुणी अवाक्षर बोललं नाही. खळीचा डबासुद्धा माझ्यापर्यंत येईना. जळतात मेले, असं मी समजलो आणि ताठ मानेने बसून राहिलो. (बसून फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, दुमडता येत नाहीत, टेबल उंच पडतं. पण ते जाऊ द्या.)

तिसऱ्या दिवशी मीच मोठ्या मनाने खुर्ची दादांपुढे ढकलली. त्यांनी मशिन थांबवलंही नाही. "माझे पाय अजून माझेच आहेत. आणि एकाला बक्षीस दिलं की बाकी अकरा जणांना शिक्षा होते, हे तुझ्या साहेबांना सांग."

सांगितलं. जरा वरच्या पट्टीत सांगितलं. (टेबलावर हात आपटला, पण तो आपोआप आपटला.) साहेब भले, रागावले नाहीत. त्यांनी सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या : प्रत्येकाने आपल्याला काय बक्षीस हवं ते लिहा. मी दोन पानं लिहिली. दहा चिठ्ठ्यांवर एकच मजकूर, "दादांना विचारा". दादांच्या चिठ्ठीवर एकच शब्द, "पंखा".

"अहो, पंख्याचा वारा तर सगळ्यांनाच लागेल," साहेब म्हणाले. "मग त्यात बक्षीस काय?"

"तेच," दादा म्हणाले.

पंख्याला यंदा मंजुरी नाही, असं उत्तर आलं. असो. भाच्याने नाव काढलं, हे मामींना जरूर वाचून दाखवा.

आपला सर्वोत्कृष्ट,
भाचा

ता. क. : ती म्हणजे दादांची मुलगी. काल जिन्यात गाठून म्हणाली, "वाया गेलेले तुझे तीस कागद बाबांनी स्वतःच्या ढिगात टाकले. म्हणाले, नवा आहे, तापट आहे, पहिल्याच तक्त्यात नाव खाली गेलं तर सोडून जाईल. आणि तू गोल गोल फिरत होतास!" म्हणजे चार त्यांचे आणि चौतीस माझे. वरचा 'सर्वोत्कृष्ट' कृपया खोडावा.

ता. क. दुसरा : खरं काम हे. येत्या रविवारी मामींना घेऊन या आणि दादांकडे आमचा विषय काढा. तिची हरकत नाही. (तिने "आधी बाबांना तोंड दाखव" म्हटलं, म्हणजे तेच ना?) माझ्या हुशारीबद्दल बोलू नका. मी टिकलो, एवढंच सांगा.

ता. क. तिसरा : कोपऱ्यावरचा जुन्या सामानाचा दुकानदार खुर्चीच्या बदल्यात छताचा पंखा द्यायला तयार आहे. पाती तिन्ही सरळ आहेत, मी स्वतः फिरवून पाहिलीत. पितळी पाटी तेवढी काढून ठेवली (आईसाठी). अक्षर वाकडं आलंय, कारण या ओळी उभ्याने लिहितोय. खुर्ची दाराबाहेर ढकलली आहे. निघालो. दार ओढून घेतो.