चंद्रीच्या कानातली मूळ संख्या

१ डिसेंबर, सोमवार, सकाळी ७
आजपासून म्हैस रोज मी धुणार. मंगलला, म्हणजे बायकोला, तसा शब्द दिलाय. बादली घेऊन गोठ्यात गेलो आणि चंद्रीच्या कानातल्या सरकारी पिवळ्या टॅगवर नजर पडली. इंग्रजी आकड्यांत: १०२९४७५८०१६३. दोनने भाग जात नाही. तीनने नाही, पाचने नाही. मूळ संख्या! बघताक्षणी ओळखलं. अख्ख्या किकवीत दुसऱ्या कुणाला जमलं असतं? म्हैस उद्या.

४ डिसेंबर
सात, अकरा, तेरा. नाहीच जात. मोबाईलवर करणार नाही, ते काय कुणीही करेल. मंगल म्हणाली, अवो, आदी म्हस धुवा, मग काय भागायचं ते भागा. घरात संशोधनाला वातावरणच नाही.

८ डिसेंबर
मुलीने, वैष्णवीने, शाळेत प्रेरणा मॅडमना सांगितलं. बावीसला गणित दिन, भाषण माझं! याच शाळेत दहावीच्या गणितात दोनदा आपटलो होतो. आता तो डाग जाणार. खरं सांगायचं तर छाती धडधडतेय.

१२ डिसेंबर
वैष्णवी म्हणते, सिद्ध करायचं तर सत्तावीस हजारांहून जास्त भागाकार लागतील. माझे नऊ झालेत. रोज तीन हजार केले की आटोपलं. उद्या पहाटे चारला उठणार.

१३ डिसेंबर, सकाळी ९
थंडी फार.

१९ डिसेंबर
त्रेचाळीसपर्यंत पोचलो. एकूण चौदा भागाकार. एवढ्यांनी गेला नाही तो पुढच्यांनी कशाला जाईल? बाकी सगळी फॉर्मॅलिटी. नसरापूरहून नवा शर्ट आणला. म्हैस भाषणानंतर.

२१ डिसेंबर
वैष्णवीला सांगितलं, सकाळी टॅगचा ताजा फोटो काढ, शाळेच्या टीव्हीवर दाखवू. मंगलने विचारलं, म्हशीचा फोटू समद्या शाळेला दावणार? म्हटलं, हो. तिचा चेहराच पडला. जळते.

२२ डिसेंबर, संध्याकाळी ५
चाळीस मिनिटं बोललो. फळा भरला. टाळ्या. मग टीव्हीवर फोटो आला. चंद्री चकाचक! चारचौघांत शोभा नको म्हणून मंगलने सकाळी तिला कानासकट घासली होती. तीन आठवडे शेवटच्या आठाची डावी बाजू शेणाखाली होती. मी तीन वाचत होतो.

पहिल्या रांगेतली पाचवीतली आरती उठून म्हणाली, सर, ही तर सम संख्या हाय, दोननं भाग जातोय.

जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

येताना वैष्णवी गाडीवर मागे बसली होती. घर जवळ आल्यावर म्हणाली, पप्पा, संख्या चुकली, पण तुमचे भागाकार म्या तपासलेत. बरोबर हायेत.

मी गाडी हळू केली. मग म्हणाली, फकस्त सतराचा चुकलाय.

२३ डिसेंबर, सकाळी ७
म्हैस धुतली.