अण्णांची हजेरी

॥ श्री ॥

इतवारा, बुऱ्हाणपूर
ता. ९ फेब्रुवारी १९१९

सौ. मंगलाताईस,
तुझा बिनकामाचा भाऊ दिगंबर याचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, बदाम बी पोचले. रोज भिजवून अण्णांना देतो. दोन मी खातो, म्हणजे घरात एकाची तरी अक्कल वाढेल. गोदाआत्या म्हणते, ह्या पोराच्या डोक्यावर बदामाचं झाड उगवलं तरी फरक पडणार नाही. ब्राह्मीचं तेल चोळतो, त्यानं अण्णांना झोप चांगली लागते. बाकी काही नाही.

मानमोडीच्या तापानं आपला धाकटा भाऊ गोटू नेला, मग अण्णांना धरलं. अण्णा उठले तेव्हा वाटलं सुटलो. पण अजून छत्री शाळेत राहते, चष्मा देवघरात सापडतो. परवा जेवून हात धुतले आणि परत पाटावर येऊन बसले. मी हसलो. आत्या हसली नाही.

घरातलं चालवून घेऊ. शाळेतलं चालत नाही. अण्णा हजेरीचं पुस्तक उघडत नाहीत हे तुला माहीत आहे. खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे, आणि चौथीची सगळी नावं ओळीनं म्हणायची. आता कौतिकचं नाव झालं की ते गोटूचं नाव घेतात. घेतात आणि थांबतात. हजर म्हणणार कोण? पोरं खाली बघत बसतात, अण्णा पुढं सरकत नाहीत. मागच्या आठवड्यात निंबा रडायलाच लागला, तो गोटूच्या शेजारी बसायचा. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, मार्चात डिप्टीसाहेब शाळा तपासायला येणार आहेत. त्यांच्यासमोर असं झालं तर मास्तरांचं डोकं ठिकाणावर नाही असं वर लिहावं लागेल, आणि शाळा सुटेल. शाळा सुटली तर अण्णा दिवसभर करतील काय? भिंतीकडे बघत बसतील. मला ते बघवणार नाही.

म्हटलं, अण्णा, पुस्तक उघडा ना जरा. तर म्हणाले, पोरांची नावं काय पुस्तकात बघून घ्यायची असतात?

तू लिहिलं तसं घरात गोटूचं नाव कोणी काढत नाही. त्याची पाटी आत्यानं माळ्यावर टाकली. घर इतकं शांत झालं आहे की खोडी काढली तरी ओरडायला कोणी नाही, मग काढायची कशाला? थकलो ताई. काही युक्ती असेल तर कळव.

माया आहे तेवढी पुरे, बदाम मात्र आणखी पाठव.
तुझा दिगू

—

॥ श्री ॥

डोईफोडिया
ता. १६ फेब्रुवारी १९१९

चि. दिगूस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग चूल विझेपर्यंत तशीच बसून राहिले. इकडे कापसाची वेचणी संपत आली, अंग मोडून गेलं आहे. सासूबाईंचा खोकला जात नाही. नाही तर तिकडेच निघून आले असते.

बदाम-तेल चालू दे, पण त्यावर भिस्त ठेवू नको. मला तुझीच एक गोष्ट आठवली. तुला पाढे कधी आले नाहीत, पण आत्यानं बाजाराला धाडलं तर हळदीपासून हिंगापर्यंत एक जिन्नस विसरायचा नाहीस. मी विचारलं होतं तर म्हणालास, मी सामान रस्त्यावर मांडत जातो. हळद सोनाराच्या ओट्यावर, गूळ कुत्र्याच्या तोंडात. तेव्हा तुला येडा म्हटलं होतं. आता तेच अण्णांना शिकव. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता त्यांच्या पायांना पाठ आहे. त्या रस्त्यावर एकेक पोरगा बसव. जुनी ओळ मोडली की कौतिकच्या पुढची ती जागाच राहणार नाही.

एका दिवसात सगळं कोंबू नको. आज चार पोरं, उद्या आधी तीच चार विचार, मग नवी. आणि अडले की लगेच सांगू नकोस. शोधू दे. स्वतः शोधून सापडलेलं टिकतं. तुझी जीभ आवर, एवढंच अवघड आहे.

घरात ते नाव नकोच. अण्णांना सोसणार नाही.

अण्णांना माझा नमस्कार सांग. तुला जेवढं रागावते तेवढीच माया समज.
तुझी ताई

—

॥ श्री ॥

इतवारा, बुऱ्हाणपूर
ता. २ मार्च १९१९

सौ. मंगलाताईस सा. न. वि. वि.

तुझी युक्ती, म्हणजे माझीच युक्ती, चालली! सकाळी शाळेत जाताना आणि येताना मी अण्णांच्या बरोबर असतो. आपल्या दारातच कौतिकला बसवला, अण्णांचे जोडे डोक्यावर घेऊन. तारकशीवाल्याच्या ओट्यावर लीलाधर; त्याच्या नाकातून सोन्याची तार निघते आणि कारागीर ती ओढत बसतो. दराबेवाला हलवाई परातीत तूप-साखर फेटतो ना, त्या परातीत कडू उघडा बसला आहे आणि ओरडतो आहे की मला बी फेटा. रंगाऱ्याच्या हौदातून निंबा अर्धा हिरवा, अर्धा लाल निघतो.

आधी साधं बसवून बघितलं. नुसता लीलाधर ओट्यावर बसला तर दुसऱ्या दिवशी उठून जातो. तार निघाली की उठत नाही. जितकं वेडंवाकडं तितकं पक्कं. अण्णा पहिल्यांदा म्हणाले, हा काय फालतूपणा, मी मास्तर आहे. पण कडू परातीत बसला तेव्हा हसले. खरंच हसले ताई, भर बाजारात, छत्री टेकवून. दराबेवाल्याला वाटलं त्यालाच हसताहेत, तो दिवसभर घुश्शात होता.

अडले की मी गप्प बसतो. फार जड जातं. ते घोड्याला नाल मारणाऱ्यापाशी उभे राहतात, कपाळ चोळतात, आणि मी नाव तोंडात धरून घोड्याकडे बघतो. मग एकदम सापडतं. एक दिवस मुद्दाम सुट्टी दिली आणि मग विचारलं, तेव्हा उलट जास्त आठवलं.

मजा म्हणजे मला बी आता डोकं आल्यासारखं वाटतं. अण्णांचा चौथीचा भूगोल बी ह्याच रस्त्यावर मांडला, आणि रोज त्यांना विचारून विचारून तो मलाच पाठ झाला. चौथीत असताना झाला असता तर!

कौतिकच्या पुढं आता सरळ लीलाधर येतो. या आठवड्यात अण्णा तिथं एकदाबी थांबले नाहीत. हेडमास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. या शाळेत माझ्या पाठीला हात लागायचा तो निराळ्या कामासाठी, म्हणून मी दचकलो.

अण्णा रात्री जेवताना मात्र बोलत नाहीत. दमत असतील. मी बी दमतो.

तुझा जीव आमच्यात आहेच, तो तसाच राहू दे.
दिगू

—

॥ श्री ॥

इतवारा, बुऱ्हाणपूर
ता. ११ मार्च १९१९

सौ. मंगलाताईस सा. न. वि. वि.

काल डिप्टीसाहेब येऊन गेले. मी खिडकीबाहेर उभा होतो. अण्णांनी डोळे मिटले आणि चौथीची नावं घेतली. दारातून निघाले, तारकशी, परात, हौद, मला तर त्यांचे पाय चालताना दिसत होते. एक नाव चुकलं नाही. साहेब म्हणाले, ह्या वयात अशी स्मरणशक्ती त्यांनी कुठं पाहिली नाही. शाळा राहिली ताई. मी तिथंच उडी मारली.

येताना मी बडबड करत होतो, अण्णा पुढं चालत राहिले. घरी आले, जोडे काढले, आणि दारातल्या पायरीवर बसले. मी म्हटलं, आत चला. तर म्हणाले, दिगू, तू पाटलाच्या पोराला जागा दिली, तेल्याच्या पोराला दिली, सगळ्या गावाला बाजारभर बसवलं. आपल्या गोटूला एक पायरी बी ठेवली नाही.

मी काही तरी बोललो, तुम्ही विसरता म्हणून वगैरे. ते म्हणाले, मी छत्री विसरतो. तो गेला हे कसा विसरेन? पोटचं पोर माझ्याच हातानं राजघाटावर अग्नीला दिलं. घरात त्याचं नाव निघालं की तुम्ही सगळे उठून जाता. शाळेत मी मास्तर, तिथं मला कोण अडवणार, म्हणून तिथं घेत होतो. तिथं पोरं निदान थोडा वेळ खाली बघत होती. तुझ्यासाठी तेबी बंद केलं.

मग उठून आत गेले. जेवले नाहीत. आत्या भिंतीकडे तोंड करून पडली आहे. होळीची लाकडं चोरायला पोरं मला बोलवायला आली होती, मी गेलो नाही. म्हणजे बघ मी किती थकलो असेन.

शाळा वाचवली आणि काय करून बसलो कळत नाही. घरातली बंदी तुझी आहे. मी उठवली तर आत्या ऐकणार नाही. तूच काय ते लिही, आणि लवकर लिही.

तुझ्याच भरवशावर असलेला,
दिगू

—

॥ श्री ॥

डोईफोडिया
ता. १३ मार्च १९१९

चि. दिगूस अ. उ. आ.

पत्र घेऊन येणाराच परत निघाला आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. हे पत्र आत्याला आणि अण्णांना मोठ्यानं वाचून दाखव.

माझ्या लग्नात गोटूनं नवरदेवाच्या जोड्यात गूळ भरला होता. मुंगळे चावून हे मांडवात नाचायला लागले. सगळ्यांना वाटलं ते तुझं काम, पण करणारा तो होता, आणि मार तू खाल्लास. अण्णांना हे माहीत नाही. सांग. त्यांच्याकडेही असं काही असेल, ते विचार. मध्येच थांबले तर थांबू दे. कोणी उठून जायचं नाही. रडायचं तर तिथंच बसून रडायचं. आत्याला पाटी खाली काढायला सांग.

अण्णा उद्या शाळेत त्याचं नाव घेणार असतील तर घेऊ देत. साहेब तर येऊन गेले. हेडमास्तरांना म्हणावं, काय लिहायचं ते लिहा, डिप्टीसाहेबांनीच त्यांच्या डोक्याची तारीफ केली आहे.

सासूबाईंना सांगून मी होळीला चार दिवस येते. पुरणाला डाळ भिजवून ठेवा.

अण्णांना साष्टांग नमस्कार, आत्याला नमस्कार, तुला आशीर्वाद आणि एक धपाटा. गोटूला लाड. लिहिलं गेलं, खोडत नाही.

तुझी ताई