लपायला जागा

बाबा, उद्या रविवार आहे आणि संध्याकाळी मला नातीला एका पाखराकडे न्यायचं आहे. ही पोरगी तुम्ही पाहिलेली नाही. तुम्ही गेलात तेव्हा तिची आईच शाळेत होती. सहा वर्षांची आहे. घरात तोंडाचा पट्टा थांबत नाही, पण उंबरा ओलांडला की एक शब्द फुटेल तर शपथ. वर्गात हजेरीलाही गप्प. डॉक्टर म्हणतात धीर धरा, आणि कात्रपची शाळा म्हणते वर्षअखेरपर्यंत बघू, नाहीतर दुसरीकडे सोय करा. तिची आई नोकरी आणि हे दोन्ही सांभाळताना पार वाळून गेली आहे.

तुमची खोड आठवते का? कुठेही गेलात की आधी मागच्या बाजूला जायचं. अंबरनाथच्या केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होतात ना, म्हणायचात, "गेटवर सगळेच झाडून ठेवतात." माझं स्थळ बघायला हेंद्रेपाड्याला गेलो तेव्हा पोह्यांच्या बशा पुढे आल्या, आणि तुम्ही हात धुवायचं निमित्त करून उठलात ते थेट मागच्या मोरीवर. परत येऊन आईच्या कानात सांगितलंत, "मोरी स्वच्छ आहे, माणसं बरी असणार." आईने कपाळावर हात मारला. माणसं खरंच बरी निघाली, हे तुमच्या हयातीत मी कधी कबूल केलं नाही, कारण तुम्ही ते गावभर सांगितलं असतंत.

पण त्याच खोडीपायी माझी सर्कस गेली. उल्हासनगरच्या मैदानात तंबू लागलेला, मी नवा फ्रॉक घालून तुमचं बोट धरून उभी, आत बँड सुरू झालेला. आणि तुम्ही मला घेऊन तंबूच्या मागे जाता. तिथे सिंहाचा पिंजरा आहे, त्यात त्याला वळताही येत नाही. मुताचा उग्र वास डोळ्यांत झोंबतो. तुम्ही नाक वर करून एकदाच हुंगता, कंपनीत हुंगायचात तसं, आणि म्हणता, "चल घरी." मी रस्त्यात फतकल मारून रडले. लोक बघत होते, तरी तुम्ही बधला नाहीत. "ज्याला लपायला जागा नाही, त्याच्याकडे बघायचं नसतं," एवढंच म्हणालात. मी कितीतरी दिवस तुमच्याशी बोलले नाही.

आता ऐका. उल्हासनगरातच, कॅम्प तीनला, जीन्सच्या दुकानांच्या वर एकाने माशांच्या टाक्या आणि परदेशी पक्षी मांडलेत. पक्षी मुलांच्या हातावर देतात आणि फोटो काढतात. एका शनिवारी शाळा सुटल्यावर लेक नातीला तिथे घेऊन गेली, मीही सोबत होते. जिना चढतानाच मला तो वास आला, अमोनियाचा. तुमचं नाक माझ्या वाट्याला आलंय, काय करणार. खिडक्या बंद होत्या आणि दिव्यांचा झगझगाट. एका दांडीवर मोठा निळा पोपट होता, आणि छातीवरची पिसं त्याने स्वतःच उपटून काढली होती. मी लेकीचा दंड धरला, म्हटलं चल इथून. तेवढ्यात मागून आवाज आला. नात त्या पोपटाला सांगत होती, "आज माझ्या डब्यात भेंडी होती. मला नाही आवडत." चारचौघांत, स्वच्छ आवाजात. लेकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मालकाने हळूच बाकीच्या पोरांना बाजूला नेलं. "बोलने दो आंटी, आराम से बोलने दो," म्हणाला. तो माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं. सोमवारी पोरीने हजेरीला "येस मॅडम" म्हटलं.

तेव्हापासून दर रविवारी तिथे जातात. मी बोलून पाहिलं. म्हटलं, त्या पाखराचे हाल चाललेत, अशा जागी जाऊ नये. लेक उसळली, "आई, माझी पोरगी बोलायला लागलीये आणि तुला त्या बर्डचं पडलंय? तुझं ते नाक घरी ठेवून येत जा ना प्लीज!" मग मीच हट्टाने दोघींना एका चांगल्या प्राणिसंग्रहालयात नेलं, लांब होतं तरी. तुम्हाला आवडलं असतं, बाबा. मागचा भागही बघितला मी. पाणी स्वच्छ होतं, कुठला प्राणी कुठून सोडवून आणला ते तिथली बाई सांगत होती, कोणालाही कशाला हात लावू देत नव्हते. बिबट्या झुडपात गेला तो गेलाच, दिसला नाही. नात जाळीपाशी दिवसभर उभी राहिली आणि एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी हजेरीला पुन्हा गप्प. लेक नुसती भांडी आपटत राहिली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

गेल्या रविवारी पाहिलं, पोपटाने आता पंखाखालचीही पिसं काढायला सुरुवात केली आहे. वनखात्याचा नंबर मी मिळवून ठेवलाय. एक फोन केला तर ती जागा बंद होईल, पाखराची सुटका होईल, पण शाळेचं वर्ष संपायला थोडेच दिवस उरलेत. रोज फोन हातात घेते आणि खाली ठेवते. स्वतःला सांगते, पोरीचं एकदा मार्गी लागू दे, मग करीन. तोवर पाखरू टिकेल का, हे स्वतःला विचारत नाही.

उद्या लेकीला सुट्टी नाही, म्हणून न्यायचं माझ्याकडे आलंय. मी नातीची वेणी घालीन, रिक्षात तिला मांडीवर घेईन आणि तो जिना चढेन. ती बोलत असताना पाखराच्या छातीकडे न बघता तिच्या ओठांकडे बघत राहीन. हे कागद कुठे पाठवायची सोय नाही, ते कपाटातच राहतील. तुम्ही नाहीत म्हणून इतकी वर्षं हळहळले, बाबा. पण उद्या त्या जिन्यात तुम्ही मला भेटणार नाही, याचं आज बरं वाटतंय.