वाडग्याच्या काठाची थरथर

बाबा, तुम्ही गेल्यावर माझ्याकडे आलेली तुमची लाकूड कातायची लेथ गेल्या शनिवारी भंगारात जाणार होती. दोन महिने माझा एकही लाकडी वाडगा धड उतरत नव्हता. आतल्या बाजूनं काठाशी हत्यार थरथरायचं, किर्र असा आवाज यायचा आणि लाकडावर बारीक लाटा उठायच्या. कितीही घासलं तरी त्या जात नव्हत्या. मी बेअरिंग बदलली, लाकूड धरणारा चक बदलला, लेथ नव्या बोल्टांनी जमिनीला आवळली. शेवटी शेजारच्या गाळ्यातले फिटरकाका बघून गेले. म्हणाले, "मशिन म्हातारं झालंय गं. तुझ्या बाबांचा हात होता म्हणून चालत होतं." ते मला इतकं पटलं की मी भंगारवाल्याला फोन केला.

शुक्रवारी डोंबिवलीहून गाळ्यावर यायला लवकरच निघाले. मशिनमध्ये नेमका दोष काय आहे ते त्या माणसाला खरं सांगावं, असं माझ्या मनात होतं. "भंगारवाल्याला काय करायचंय त्याचं?" आई म्हणाली. तरी मी तपासायला घेतलंच, आणि तपासायची पद्धत मला तुमचीच येते.

आठवतंय, मी दहा वर्षांची आहे. वागळे इस्टेटमधल्या या गाळ्यात तुम्ही लेथच्या डोक्यावर पाण्याचा अर्धा पेला ठेवताय. "आधी रिकामी चालव. पाणी हललं तर दोष मशिनचा. मग लाकूड चढव. आता हललं तर लाकडाचा तोल नाही. आणि दोन्ही वेळेला पाणी शांत राहिलं तर?" मी लेथपासून एक पाऊल मागे सरते. "तर दोष आपला. अगं, घाबरतेस काय? तो बरा. त्याचा पार्ट कुठून मागवावा लागत नाही."

शुक्रवारी पेला ठेवला. रिकामी लेथ चालवली, पाणी शांत. कल्याणच्या वखारीतून आणलेला आंब्याचा तुकडा चढवला, तरी शांत. मग आतून कोरायला घेतलं. काठ छान उतरला. तळापर्यंत पोचले आणि मला वाटलं, काठ एका जागी किंचित जाड राहिलाय. एकदाच फिरवू, म्हणून हत्यार परत वर नेलं. किर्र.

मी मशिन बंद केलं आणि मला आठवलं. चौदाव्या वर्षीही मी हेच करत होते. तेव्हा तुम्ही लेथ थांबवलीत आणि जरा चिडूनच म्हणालात, "हा काय परीक्षेचा पेपर आहे, परत परत तपासायला?" मग काठ माझ्या चिमटीत देऊन दाबायला लावलात. तो वाकला. आतलं लाकूड गेलं की काठाचा आधार जातो, तो जरा फाकतो, पुरता गोलही राहत नाही, आणि मग हत्यार त्याच्यावर उड्या मारतं. "भिंत जाड आहे तोवर काठ पुरा करायचा आणि त्याला रामराम म्हणायचं." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी माझ्या हाताच्या मापाची मूठ बसवलेलं एक हत्यार तुम्ही न बोलता टेबलावर ठेवलंत.

तेच हत्यार शुक्रवारी पुन्हा धार लावून घेतलं. दुसरा तुकडा चढवला. हत्याराचा टेकू लाकडाच्या अगदी जवळ आणला, डाव्या हाताची बोटं भिंतीला बाहेरून हलकी लावली. आधी काठापासून दोन बोटं खोलपर्यंतचं काम पुरं करायचं, मगच तळाकडे जायचं. तळ झाल्यावर काठाकडे परत जायला हात शिवशिवले. मी मशिन बंद केलं आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिले. काठावर एकही लाट नव्हती.

एरवी घरात दूध उतू गेलं तरी चूक माझीच असं मला वाटतं. इथं मात्र दोन महिने मी मशिनवर ठपका ठेवला. दोष माझा निघाला तर मला हे काम येतच नाही असं ठरेल, ही भीती. तुम्ही मात्र दोष आपला निघाला की खूश व्हायचात. ते बघत मोठी झाले, हे केवढं नशीब, ते मला त्या दिवशी कळलं.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. शनिवारी टेम्पो आला. भंगारवाला म्हणाला, "मॅडम, फोनवर तर हो बोललात." मी खोटं बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "बाबा नको म्हणाले."

"मग आधी त्यांना विचारायचं ना," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं, "तेच चुकलं."