मुख्याध्यापकांची हरकत नाही

कॅन्सस, ६ मार्च

आदरणीय व्हर्ना मावशी,

तुला आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला नमस्कार. (उजवा बरा आहे असं तू नाताळात कळवलं होतंस, म्हणून त्याची वेगळी चौकशी करत नाही.) नेब्रास्कातली थंडी आता ओसरली असेल आणि तुझ्या कोंबड्या पुन्हा मनावर घेऊन अंडी घालत असतील अशी आशा करतो. इकडे सर्व ठीक. बाबा ट्रकवर असतात, रविवारी येतात, खुर्चीत झोपतात आणि सोमवारी पहाटे जातात. धाकट्या टेसला दहावं वर्ष संपलं. मीही बरा आहे.

आई गेल्यापासून शाळा मी चालवतो हे तुला माहीत आहेच. आमच्या राज्यात मुलांना घरी शिकवायचं तर घराचीच शाळा म्हणून नोंद करावी लागते, नावासकट. आईने नाव लिहिलं ‘यलो किचन स्कूल’, कारण अर्ज भरायला ती पिवळ्या स्वयंपाकघरातच बसली होती. या शाळेचा मुख्याध्यापक, शिक्षक, आचारी आणि शिपाई मी, विद्यार्थी टेस. (मीही इथलाच. दहावीच्या मध्यावर आई आजारी पडली आणि माझा वर्ग तिथेच थांबला.) सगळं नियमाप्रमाणे चालतं. हजेरी रोज घेतो. पालकसभाही घेतो, मागच्या वेळी बाबा खुर्चीत झोपलेले असताना प्रगतिपुस्तक वाचून दाखवलं, त्यांनी एकही आक्षेप घेतला नाही. पण जानेवारीत गटचर्चेचा तास होता, तेव्हा टेसने एका खुर्चीवर कुत्र्याला बसवलं आणि दुसरीवर पिठाचा डबा ठेवला. चर्चा चांगली झाली. पिठाच्या डब्याचं म्हणणं तिला माझ्यापेक्षा जास्त पटलं. त्या दिवशी मी ठरवलं, हिला माणसं मिळवून द्यायची.

माणसं मिळवणं मला वाटलं होतं त्याहून अवघड निघालं. वाचनालयाच्या फलकावर घरी शिकणाऱ्या कुटुंबांच्या मेळाव्याची चिठ्ठी होती, बुधवारी दहाला, मोठ्या उद्यानात. मी चोवीस कपकेक केले, नावं लिहायला चोवीस बिल्ले कापले आणि पावणेदहाला आम्ही दोघं हजर. वारा इतका की बिल्ले धरून बसावं लागलं. साडेअकरापर्यंत कोणी आलं नाही. नंतर कळलं, वाऱ्यामुळे मेळावा रद्द केल्याचं त्यांनी फोनवरच्या आपल्या गटात कळवलं होतं. (त्या गटात यायचं तर गटातल्या कुणाची तरी ओळख लागते. ओळख मेळाव्यात होते.) कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांना कपकेक दिला, तर ते म्हणाले, “बिल्ला पण लावावा लागेल का?” मी लावला. दहा मिनिटं ते बसले. बरं वाटलं.

त्या आजोबांनीच आयडा बाईंचं नाव सांगितलं. सतरा मैलांवर पशुखाद्याच्या बंद पडलेल्या दुकानात त्या मायक्रोस्कूल चालवतात. मायक्रोस्कूल म्हणजे फार काही नाही, सहा घरांनी मिळून चालवलेली अकरा मुलांची शाळा. शिकवतात बाई, पण प्रत्येक घरातलं कोणीतरी आठवड्याला एक तास येऊन आपल्याला येतं ते शिकवतं. कुणी गोधडीच्या तुकड्यांवरून अपूर्णांक, कुणी मधमाश्या. एकच जागा शिल्लक होती आणि ती टेसला मिळाली नसती तर पुढे वर्षभर पिठाचा डबाच होता, म्हणून मी आईच्या अंत्यविधीला घातलेला कोट घालून गेलो.

बाईंनी अर्ज वाचला, चष्मा सरळ केला आणि म्हणाल्या, “आधीच्या शाळेशी बोलल्याशिवाय मी मूल घेत नाही.” अर्जावर शाळेचा नंबर होता, तो त्यांनी लगेच फिरवला. माझा खिसा वाजायला लागला. आता मी काय करायला हवं होतं ते मला अजून नीट कळलेलं नाही. शाळेचा फोन आहे, शाळेची वेळ आहे, मी उचलला.

“यलो किचन स्कूल. मुख्याध्यापक बोलतोय.”

बाई मधल्या टेबलापलीकडे, तीन फुटांवर. मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत, फोन कानावरूनही काढला नाही. “टेस कशी आहे अभ्यासात?” मी म्हणालो गणित उत्तम, अक्षर बरं, बोलते फार. “मैत्रिणी?” मी खरं तेच सांगितलं, की शाळेत तिला एकच मित्र आहे आणि त्याला पुष्कळ कामं असतात. “मग तिला सोडायला मुख्याध्यापकांची काही हरकत?”

मावशी, हरकत नव्हतीच. मी तिथे आलो होतोच मुळी त्यासाठी. पण उत्तर द्यायला मला इतका वेळ लागला की बाईंनी विचारलं, “ऐकू येतंय ना?” मी म्हणालो हरकत नाही. मग आम्ही दोघांनी फोन ठेवले.

तू काय शिकवशील असं त्यांनी विचारलं, तेव्हा घाबरून मी म्हणालो, हजेरी. त्या म्हणाल्या, “अकरा पोरं आहेत रे बाबा, ती मी डोळ्यांनीच घेते.” शेवटी वेळापत्रक आखणं आणि पत्र लिहिणं यावर तडजोड झाली.

गुरुवारी टेसला एक दिवस बसवून पाहिलं. मी बाहेर पिकअपमध्ये थांबलो, न जाणो लागलो तर. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली, तोंडाला दालचिनीच्या रोलची साखर. “ओरिन, तू अजून इथेच? सगळ्यांची माणसं गेली. जा ना.” एवढं बोलून ती वळली, कारण दोन मुली तिला हाका मारत होत्या. मी घरी आलो. धान्याच्या गोदामावरचं माझं काम तीनला सुरू होतं, त्यामुळे तोवर वेळ मोकळा होता. कुत्र्याला भूगोल शिकवायचा विचार केला, पण त्याला बाहेर जायचं होतं. सोमवारपासून टेस कायमची तिकडे. हजेरीची वही मी बंद केली. शेवटच्या पानावर विद्यार्थी संख्या शून्य अशी रीतसर नोंद आहे.

गुडघा जप. जिने मोजून उतर.

तुझा आज्ञाधारक भाचा,
ओरिन

ता. क. मला एकटं वाटतं असं या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. मी दोनदा तपासलं आहे. बाबांना तसं काही कळवू नकोस.

ता. क. २. सोबत एक अर्ज ठेवला आहे. आयडा बाईंकडे मागच्या टेबलावर तीन मोठी मुलं शाळा संपवायच्या परीक्षेचा अभ्यास करतात. चौथी खुर्ची रिकामी आहे. मी बावीस वर्षांचा आहे असं सांगितलं, तर बाई म्हणाल्या खुर्चीला त्याचं काही नाही. पण मी कुठवर शिकलो याला शिक्षकाची सही लागते. आई नाही. मुख्याध्यापक म्हणून माझी सही चालेल, पण स्वतःबद्दल स्वतःच लिहून देणं मला बरोबर वाटत नाही. दोन उन्हाळे भूमिती मला तू शिकवलीस. तुला वाटलं की ती मला आली होती, तर सही कर. नसेल वाटलं, तर तसं लिही. शुक्रवारपर्यंत पोचायला हवं.

ता. क. ३. टेसला यातलं काही सांगितलेलं नाही. नव्या शाळेत सगळ्यात काय आवडलं असं काल विचारलं, तर म्हणाली, “तिथे तू नसतोस.” तेव्हा अर्ज बंद पाकिटातून पाठव. टपालपेटी आधी तीच उघडते.