कोरड्या हातांचा प्लॅन

२ मार्च, सोमवार
फ्लॅट सापडला. दोन खोल्या, तिसरा मजला, एक खुर्ची मावेल एवढी बाल्कनी. बायको त्या बाल्कनीत वीस मिनिटं नुसती उभी राहिली. घरमालकाला चौदा तारखेला, शनिवारी संध्याकाळी आठपर्यंत होय की नाही ते कळवायचं आहे.

सासऱ्यांकडे आम्ही पंधरा दिवसांसाठी राहायला आलो होतो. येत्या जूनमध्ये त्याला पाच वर्षं होतील. मागच्या खोलीत आम्ही दोघं, सासूबाईंचं शिलाई मशीन आणि एक कपाट. कपाटामागे खिडकी आहे असं ऐकून आहे. आता बस्स. आज जेवताना सासऱ्यांना स्पष्ट सांगणार.

जेवणानंतर: नाही सांगितलं. ते जेवत होते. जेवणाऱ्या माणसाला त्रास देऊ नये.

३ मार्च, मंगळवार
सांगितलं. म्हणजे बायकोने सांगितलं, मी शेजारी बसून ठामपणे मान हलवली. सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि ड्रॉवरमधून पत्ते काढले. या घरात कोणी आवाज चढवत नाही. मतभेद झाला की डाव मांडतात, आणि जिंकेल त्याचं खरं. मेहुण्याला ड्रम वाजवायचे होते. किलवरच्या नव्वीपायी तो दातांचा डॉक्टर झाला.

सासरे म्हणाले, जावईबापू, जायचं की राहायचं ते चौदाला साडेपाचला ठरवू. तुम्ही दोघं भिडू, आम्ही दोघं भिडू, पत्ते वाटायला मेहुणा. तेरा हात, ज्यांचे सात ते जिंकले. टाकलेलं पान परत उचलायचं नाही, हा घरचा जुना नियम.

पाच वर्षांत मी एकही महत्त्वाचा डाव जिंकलेलो नाही. पत्तेच वाईट येतात.

४ मार्च, बुधवार
बायको म्हणते, पत्त्यांचं नंतर बघ, आधी हातांचं बघ. मुळात माझे हात घामट नाहीत. ओलसर आहेत. फरक आहे. चष्म्याच्या दुकानात मालकांनी मला काचा बसवायच्या कामावरून काढून फ्रेम दाखवायला उभं केलं, ते माझ्या बोलण्यावर खूश होऊन. आज एक बाई म्हणाल्या, चष्म्यातून धुकं दिसतं. मी म्हणालो, नंबर वाढला असेल.

तरी प्लॅन: दहा दिवसांत हात ठणठणीत कोरडे.

६ मार्च, शुक्रवार
पावडर. दोन हातांना अर्धा डबा. प्रॅक्टिसच्या डावात पहिली तीन पानं झकास गेली. चौथ्या वेळी सगळीच गेली, फरशीवर, सुलटी. सासऱ्यांनी चष्मा लावून सावकाश वाचून घेतली. पावडर आणि ओलसरपणा मिळून बोटांवर चक्क कणीक तयार झाली. सासूबाई म्हणाल्या, टेबलक्लॉथ कालच धुतला होता.

पावडर रद्द. क्वालिटी चांगली नव्हती.

८ मार्च, रविवार
मेहुण्याने क्लिनिकमधले रबरी हातमोजे आणले. दहा मिनिटं उत्कृष्ट. मग बोटांच्या टोकांशी पाणी साचायला लागलं. हात खाली केला की बोटांत, वर केला की बाहीत. राजा दणक्यात टाकायचा म्हणून हात उंच केला आणि कोपरापर्यंत भिजलो.

मोजे ओढून काढताना मेहुणा हळूच म्हणाला, भाऊजी, रागावू नका, पण तुम्ही मोठी पानं जास्त घट्ट धरता. चारी एक्के आणि चारी राजे कडेला फुगलेत. कोणाकडे काय आलंय ते पाठीमागून कळतं. मी विचारलं, कोणाला कळतं. म्हणाला, सगळ्यांना. फरशी पुसायला येणाऱ्या बाईंनासुद्धा.

बायकोला विचारलं. तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हणाली, तुला वाईट वाटलं असतं. वाटलंच. पाच वर्षं मी चेहरा दगडासारखा ठेवून बसत होतो आणि समोरचे माझे पत्ते पाठीमागून वाचत होते. या घरात लपवायला जागाच नाही, कपाटामागेसुद्धा.

९ मार्च, सोमवार
मागणी केली: नवा जोड पाहिजे, प्लास्टिकचा, पाकीट त्याच दिवशी सगळ्यांसमोर फोडायचं. सासरे लगेच कबूल झाले. घाबरलेत.

११ मार्च, बुधवार
दुकानात डोळे तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, घाम नेमका कधी येतो ते लिहून काढा. यादी केली. डाव असला की. मालकांनी हाक मारली की. घरमालकाचा फोन आला की. परवा फ्लॅट पुन्हा बघायला गेलो तेव्हा किल्ली हातातून दोनदा सटकली; त्या जिन्यात हवा कोंदट आहे. सासूबाईंनी दिलेला चहा घेऊन मागच्या खोलीत बसलो की येत नाही, पण तिथला पंखा चांगला आहे.

मॅडमनी यादी दोनदा वाचली आणि विचारलं, तुम्हाला नक्की जायचंय ना. मी म्हणालो, प्रश्न हातांचा आहे. त्यांची डिग्री डोळ्यांची, त्यांना तरी काय कळणार.

१३ मार्च, शुक्रवार
तोडगा सापडला. बर्फ. पातेल्यात पाच मिनिटं हात बुडवून पुसले की पुढची पंधरा मिनिटं कोरडे. बोटं कोणाची आहेत ते कळत नाही, पण कोरडी. डाव वीस मिनिटांचा असतो. शेवटची पाच मिनिटं कॉन्फिडन्सवर काढायची.

बायको पुस्तकं खोक्यांत भरत होती. मी म्हणालो, भर, बिनधास्त भर. ती हसली. किती दिवसांनी हसली. ते बघून मी पुन्हा बर्फात हात घातले. सराव म्हणून.

१४ मार्च, शनिवार, संध्याकाळी ५.२५
डावा हात बर्फात. उजवा नुकताच बाहेर काढला, म्हणून अक्षर असं. पूर्ण शांत आहे.

संध्याकाळी ६.१०
सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

पत्ते अप्रतिम आले. बदाम हुकूम, आणि बदामाचा एक्का माझ्याकडे. अकरा हात झाले तेव्हा आमचे सहा, त्यांचे पाच. उतारी माझी. माझ्याकडे दोनच पानं उरलेली, बदामाचा एक्का आणि चौकटची दुरी. हुकमाचा एक्का टाकायचा, सातवा हात उचलायचा, संपलं. लहान मूलही जिंकलं असतं. बायको माझ्याकडे बघत होती. बर्फाचा असर उतरला होता, ते मला जाणवलं, पण एका पानाचा तर प्रश्न.

एक्का टाकला. सासऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून टाकला. असे क्षण परत येत नाहीत. त्यामुळे टेबलाकडे बघायचं राहिलं.

टेबलावर चौकटची दुरी होती. सासऱ्यांनी चौकटचा गुलाम टाकून हात उचलला. सहा-सहा. मी म्हणालो, हरकत नाही, एक्का अजून माझ्याकडेच आहे. मग हाताकडे बघितलं. हातात काहीच नव्हतं.

सगळ्यांनी शोधलं. टेबलाखाली, खुर्चीवर, माझ्या बाहीत. शेवटी सासूबाईंनी उचललेल्या पानांतून दुरी काढून उलटी केली. एक्का तिच्या पाठीला चिकटून बसला होता. प्लास्टिक ओलं झालं की असं होतं, हे पाकिटावर छापायला हवं होतं.

टाकलेलं पान परत उचलायचं नाही. तेराव्या हाताला माझ्याकडे टाकायला पान नाही. मेहुण्याने मान खाली घालून निकाल सांगितला: तोही हात त्यांचा, सात-सहा.

संध्याकाळी ७.४०
सासरे दिलदार माणूस. म्हणाले, मनाला लावून घेऊ नका जावईबापू, आता एक डाव नुसता गंमत म्हणून. बायको उठून आत गेली, तिच्या जागी मेहुणा बसला. आणि काय खेळलो. दहा हात केले. एकेक पान सुटं पडत होतं, हवं ते, हवं तेव्हा. सासूबाईंनी कौतुकाने भजी तळली. सासरे म्हणाले, पाच वर्षांत पहिल्यांदा तुमचा खरा खेळ बघितला.

हे सांगायला मागच्या खोलीत गेलो. बायको खोक्यांवर बसली होती. तिने माझा हात हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, तळव्यावरून अंगठा फिरवला. लग्नाला सात वर्षं झाली, माझा कोरडा हात तिने पहिल्यांदाच धरला असेल. मला वाटलं, खूश होईल.

तिने विचारलं, कधीपासून कोरडे आहेत. मी खरं ते सांगितलं. हरल्यापासून.

तिने हात माझा मला परत दिला, फोन घेतला आणि घरमालकाला नाही कळवायला बाहेर गेली.

हात अजूनही कोरडेच आहेत. हवा पालटली असावी.